आधी तुझ्या आईला विचार

चोपडा,
दि. २८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सोनू,

तू पाठवलेला फोटो पाहिला. पिल्लाचा जन्म १२ सप्टेंबरचा, जात लॅब्रॅडॉर. विकणाऱ्याला इसार देऊन झालाय. धनत्रयोदशीला ते घेऊन तू चोपड्याला येणार आणि तोवर तुझ्या आई-बाबांना, अक्का-भाऊजींना, काही कळू द्यायचं नाही, असा तुझा बेत. शेवटी लिहिलंस, ‘मामा, तुम्ही जन्मभर जनावरांचे डॉक्टर होतात, पहिल्या दिवसापासून त्याला काय खाऊ घालायचं ते लिहून द्या.’ ते मी लिहून देईनही, पण त्याच्या आधी बोलायचं पुष्कळ आहे आणि ते फोनवर नीट होत नाही. म्हणून हे पत्र. सगळं वाच, मग ठरव.

तुझ्या मनाबद्दल मला शंका नाही. तुम्ही दोघं भावंडं पुण्याला गेल्यापासून त्या घरात सहा खोल्या आणि दोन माणसं आहेत. भाऊजींनी केळीचा मळा बटाईनं दिला, तेव्हापासून पहाटे उठून जायचं ठिकाण त्यांना उरलं नाही. अक्का संध्याकाळी ओट्यावर बसते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारते. आपल्या मागं या घरात कुणीतरी पायात घोटाळावं, असं लेकीला वाटणारच. तरीही माझं स्पष्ट मत आहे, की या दिवाळीला, न सांगता, एवढंसं पिल्लू आणू नकोस.

तू म्हणशील, मामाला वाटतंय अक्का त्याचा राग राग करील. उलट आहे. अक्का पहिल्या रात्रीच त्याला कुशीत घेईल, हे मला माहीत आहे. माझी काळजी तिथूनच सुरू होते. लेकीनं आणलेली कुठलीही गोष्ट तिनं आजवर नाकारलेली नाही. तू आणलेला मिक्सर तिला जड पडतो, म्हणून तो पुसून कपाटात ठेवलाय आणि चटणी ती पाट्यावर वाटते. तुला मात्र सांगते, ‘फार छान आहे गं.’ पिल्लू कपाटात ठेवता येत नाही. तू दारात उभी राहून ते तिच्या हातात देशील, त्या क्षणी तिला ‘नको’ म्हणता येणार नाही. चार दिवसांनी तिचा जीव त्याच्यात गुंतेल आणि मग जन्मभर सोडता येणार नाही. जी भेट घेणाऱ्याला नाकारता येत नाही, ती देण्याआधी त्याला नाकारायची संधी द्यायला हवी. ती संधी काढून घेतलीस, तर तू तिला आनंद आणि बारा वर्षांची बांधिलकी एकाच वेळी, तिला न विचारता देत आहेस.

बारा वर्षं हा शब्द मी मोजून लिहिलाय. लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतो, नीट सांभाळला तर जास्तही. भाऊजी आज सत्तर वर्षांचे, अक्का पासष्ट. पिल्लू म्हातारं होईल तेव्हा भाऊजी ८२ आणि अक्का ७७ वर्षांची असेल. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे मागचे पाय जातात, कमरेचे सांधे जातात, त्याला उचलून बाहेर न्यावं लागतं. या जातीचा पूर्ण वाढलेला कुत्रा २५ ते ३५ किलोचा. अक्काच्या गुडघ्याचं तुला माहीतच आहे. मांजर दिसलं म्हणून त्यानं साखळीला एक हिसका दिला, तर ती ओट्यावरून खाली येईल. मी हे अंदाजानं लिहीत नाही. नोकरीत असताना अडावदकडच्या एका घरी मी अशाच कुत्र्याला लस टोचायला जायचो. मुलानं मुंबईहून आणून दिलेला जर्मन शेफर्ड. पहिल्या वर्षी सगळं गाव पाहायला यायचं. मग एकदा फिरवताना त्यानं ओढ घेतली, घरच्या बाईचं मनगट मोडलं आणि त्या दिवसापासून तो निंबाखाली बांधला गेला, तो बांधलेलाच राहिला. रात्रंदिवस साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो. हा त्याचा स्वभाव नसतो, साखळीनं तो तसा होतो. पुढं तो मळ्यात गेला. मळ्यात सालदार होता तोवर त्याला भाकरी मिळत होती. सालदार बदलला, नव्याला कुत्र्याचं भय वाटायचं. एके दिवशी त्याला गाडीत घालून सातपुड्याच्या पायथ्याशी सोडून आले. त्या घरातली माणसं वाईट नव्हती. सगळ्यांना तो हवा होता, पण रोज त्याच्यासाठी उठणारं कुणी ठरलेलं नव्हतं.

सोडलेल्या पाळीव कुत्र्याचं काय होतं, हे शहरात राहून कळत नाही. त्याला शिकार येत नाही, उकिरडा येत नाही, गावातल्या कुत्र्यांच्या टोळ्या त्याला हद्दीत टिकू देत नाहीत. तो रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं बघत राहतो, कारण त्याला गाडीनं आणलेलं असतं. आणि आपल्या पायथ्याच्या केळीच्या बागांत बिबट्याचा वावर आहे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला होता. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. बागेत सोडलेल्या कुत्र्याच्या वाट्याला काय येतं, ते यावरून समज. कुत्रं असं सोडून देणं कायद्यानं गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराचे भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा रीतीनं ते सोडून देणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला हा आकडा आजही तोच आहे. कायद्याच्या भीतीनं कुणी थांबत नाही, हे मी पाहत आलोय.

आता तुझ्या पिल्लाकडं येतो. फोटोत त्याचे डोळे नुकते उघडलेले दिसतात. १२ सप्टेंबरचा जन्म धरला, तर धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबरला ते ३६ दिवसांचं होईल. २०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. तुझ्या पिल्लाचे आठ आठवडे ७ नोव्हेंबरला भरतात. तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस उलटलेले असतील. म्हणजे ज्याला तू इसार दिलास, तो तुला दिवाळीत हे पिल्लू देऊच शकत नाही. देतो म्हणत असेल, तर तो नियम मोडतोय. त्याच्याकडं नोंदणीचा कागद माग आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखव म्हण. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

विकणाऱ्याला महिन्याभराचं पिल्लू विकायची घाई का असते, तेही सांगतो. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांचं आईच्या दुधावर भागत नाही, त्यांचं खाणं, जंताचं औषध, पहिली लस हा खर्च सुरू होतो. शिवाय तळहातावर मावणारं पिल्लू दोन महिन्यांच्या पिल्लापेक्षा पटकन खपतं. पण पाचवा ते आठवा आठवडा पिल्लाला आई आणि भावंडांत राहायलाच हवा. खेळताना किती जोरात चावायचं, हे ते तिथं शिकतं. भावंडाला जास्त लागलं की ते ओरडतं आणि खेळ थांबतो, असं शेकडो वेळा होतं तेव्हा त्याला समजतं. हे शिक्षण चुकलेलं पिल्लू पुढं माणसांच्या हातावर दात लावत राहतं, आणि तुझ्या सासरहून आलेले पाहुणे म्हणतात, ‘कुत्रं चावरं आहे.’

दिवाळीचे दिवस तर पिल्लू घरात आणायला वर्षातले सर्वांत वाईट. आपल्या गल्लीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री काय आवाज होतो, ते तुला माहीत आहे. माणसाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढचा. आईपासून नुकतंच तोडलेलं, अनोळखी घरात आलेलं पिल्लू त्या रात्री पलंगाखाली थरथरत बसेल आणि ती भीती त्याच्या अंगात बसली तर आयुष्यभर निघणार नाही. घर माणसांनी भरलेलं, दार सताड उघडं, पोरांच्या हातात फराळाच्या ताटल्या. चिवड्यातले मनुके कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंड निकामी करतात. चॉकलेटही तसंच. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळं आपली शेवभाजी आणि भरीत त्याला वर्ज्य. हे पाहुण्यांच्या पोरांना कोण सांगत बसणार? अक्का त्या चार दिवसांत पहाटे चारला उठते आणि रात्री अकराला पाठ टेकते.

आणि तू ते आणणार कसं? रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोक्याला भोकं पाडून पिल्लं पाठवतात, ते मी पाहिलंय. तू तसं करणार नाहीस, हे जाणतो. पण स्वतःच्या गाडीतून आणलं तरी पुणे ते चोपडा हा दिवसभराचा प्रवास आहे आणि त्याच्या अंगात त्या वेळी एकही लस पुरती लागू झालेली नसेल. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांनी, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, साधारण चार महिन्यांपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. तोवर पिल्लाला रस्त्याच्या मातीत सोडायचं नाही. कारण पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून पिल्लांचा काळ झालाय. रक्ताचे जुलाब, उलट्या, तीन-चार दिवसांत पिल्लू संपतं. मातीत तो कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलनं मरत नाही. नोकरीच्या काळात दर वर्षी दिवाळीनंतर टॉवेलात गुंडाळून आणलेली अशी पिल्लं माझ्या टेबलावर यायची. त्यांना सलाइन लावताना शेजारी लहान पोर उभं असायचं, ‘बरं होईल ना?’ विचारत. त्या पोरांना उत्तर देणं मला फार जड जायचं. तुझ्या लेकाला, चिंटूला, मला ते उत्तर द्यायचं नाही.

आज २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चर १८९५ साली याच तारखेला गेले, म्हणून हा दिवस पाळतात. त्यांनी शोधलेल्या लशीला एकशे चाळीस वर्षं झाली तरी आपल्याकडं माणसं रेबीजनं मरतात. यंदा जूनमध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातला एक तरुण कबड्डीपटू गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू वाचवताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं, त्यानं किरकोळ समजून लस घेतली नाही. पिल्लाचे दात दुधाचे म्हणून चावा निरुपद्रवी, असं समजू नये. ज्याच्या आईला लस दिली होती की नाही हे ठाऊक नाही, असं पिल्लू चावलं किंवा त्याची नखं लागली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हे तू पिल्लू आण वा न आण, चिंटूला शिकवून ठेव.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्यात राहून तुला तो आता आठवत नसेल. चोपड्याला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे, बर्फासारख्या पाण्यात उतरून जाळी ओढणारे. त्यांच्या अंगावर दुहेरी केस आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकत तो अंग थंड करतो, आणि हवाच ४५ अंशांची असली की धापा टाकून काही उपयोग होत नाही. दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, की अक्का पदरानं वारा घेत बसते. या कुत्र्याला तेव्हा ओल्या फरशीवर आणि पाण्याच्या टबात ठेवावं लागेल. फिरवायचं तर पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर, एरवी डांबरानं पंजे भाजतात. तुझं पिल्लू मे महिन्यात आठ महिन्यांचं असेल. हेच त्याचं ऐन दांडगाईचं वय, रोज दोन वेळा पळवलं नाही तर ते चपला, सोफा, दाराची चौकट कुरतडणार. म्हणजे ज्या महिन्यात अक्का-भाऊजींना घराबाहेर पाय टाकवत नाही, नेमक्या त्याच महिन्यात त्याला सर्वांत जास्त पळायचं असणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू माहेरी येशील तेव्हा हे स्वतः पाहशील, पण आठ दिवसांसाठी.

याहून गरम देशांत कुत्रे जगतात आणि आपल्याकडंही जगतात, हे खरं. ठेलारी मेंढपाळांच्या कळपांबरोबर साक्रीपासून गावोगाव फिरणारे कुत्रे बघ. आखूड केसांचे, सडपातळ, लांडग्याच्या अंगावर जाणारे. ते त्या मेंढरांतच जन्मतात, त्यांना काम असतं, सोबत असते आणि दिवसभर चालणं असतं. कुत्र्याची जात निवडताना गाव आणि घर बघायचं असतं, फोटो बघायचा नसतो. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि पुढची काही वर्षं तालुक्याच्या गावांतही चपट्या नाकाचे पग दिसू लागले. त्यांना सावलीतही श्वास पुरत नाही. उन्हाळ्यात जीभ निळी पडलेले पग मी हाताळलेत.

मग औषधपाण्याचं. तालुक्याचा सरकारी दवाखाना मुळात गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गुरांच्या लम्पी रोगाच्या त्या साथीतला राज्यातला पहिला रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला, तेव्हा सगळे डॉक्टर महिनोन्‌महिने गोठ्यांतून लसी टोचत फिरत होते. तसंच व्हायला हवं होतं, शेतकऱ्याचं पोट त्या जनावरावर असतं. कुत्र्याच्या एक्स-रेसाठी, रक्ताच्या तपासणीसाठी जळगाव गाठावं लागतं. भाऊजी आता गाडी चालवत नाहीत. गोचिडाचा ताप आला आणि रात्रीत हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर त्यांनी कुणाला उठवायचं? मी आहे, येईन. पण माझंही वय झालंय, हे तू हिशेबात धर.

अजून दोन गोष्टी आहेत, ज्या तुझ्या डोक्यात आल्या नसतील असं वाटतं. पहिली, ते घर माळकऱ्यांचं आहे. अक्काच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. वाढत्या मोठ्या कुत्र्याला वरण-पोळी पुरत नाही, त्याला प्रथिनं आणि कॅल्शियम ठरलेल्या प्रमाणात लागतं, आणि तयार खाद्याच्या बहुतेक पिशव्यांत कोंबडीचं मांस असतं. ती पिशवी कुठं ठेवायची, वाटी कुणी भरायची, भांडं कुठं घासायचं? अक्का कदाचित म्हणेल, ‘लेकराच्या पोटाला लागतं ते द्यायचं.’ कदाचित तिला ते सोसणार नाही आणि ती बोलणार नाही. तिच्या देवघराच्या उंबऱ्यावर रोज केस पडतील, वर्षातून दोनदा झुबकेच्या झुबके. दुसरी गोष्ट, भाऊजी दर वर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जातात. महिनाभर घरात अक्का एकटी. बाळंतपणाला, आजारपणाला, लग्नसराईला तू किंवा तुझा भाऊ तिलाही बोलावून घेता. तेव्हा कुत्रा कुठं राहील? चोपड्याला पैसे देऊन कुत्रा ठेवायची सोय मला माहीत नाही. होणार असं, की अक्का येणंच टाळेल. ‘घरी जीव आहे, त्याला टाकून कशी येऊ?’ असं म्हणेल, आणि मग तूच तिच्यावर रागावशील.

तू शिकलेली आहेस, तू मला आकडे दाखवशील. म्हणून मीच एक सांगतो. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीसेवी संस्थेनं २०१३ साली भेट म्हणून कुत्रा-मांजर मिळालेल्या लोकांची पाहणी केली. ९६ टक्के लोकांनी सांगितलं, की भेट म्हणून मिळाल्यानं त्यांची माया कमी झाली नाही किंवा उलट वाढलीच. मला ते पटतं. त्याच्या कितीतरी आधी, १९७८ साली, इंग्लंडमध्ये क्लॅरिसा बाल्डविन या बाईंनी एका श्वानसंस्थेसाठी घोषवाक्य लिहिलं. कुत्रा नाताळापुरता नसतो, आयुष्यभराचा असतो, अशा अर्थाचं. ते आजही तिथं लोकांच्या तोंडी आहे, कारण नाताळात आणलेली पिल्लं मोठी झाली की संस्थांच्या दाराशी येत. मला या दोन गोष्टींत विरोध दिसत नाही. माया लागते, यात वादच नाही. पण माया पहाटे उठवत नाही, मनगट सांधत नाही, जळगावची गाडी मिळवून देत नाही. तिकडं सोडायला निदान संस्थेचं दार तरी आहे. इथं मळा आहे आणि मळ्यानंतर जंगलाचा रस्ता.

आता एक स्पष्ट विचारतो, राग मानू नकोस. कुत्रा अक्काला हवाय की चिंटूला? मागच्या वेळी आलीस तेव्हा तो दिवसभर कुत्र्याचाच हट्ट धरून होता आणि तू म्हणालीस, ‘फ्लॅटमध्ये कुठं ठेवायचा?’ पोराचा हट्ट खरा आहे. पण मग सुट्टीत खेळायला मिळावा म्हणून आजी-आजोबांनी वर्षभर कुत्रा सांभाळायचा, असं होतंय का, ते मनाशी तपासून बघ. माझ्याकडं कुणी भेट द्यायला कुत्रा घेतोय असं सांगत आलं, की मी एकच प्रश्न विचारायचो. ज्याला देताय त्याला उद्या झेपेनासं झालं, तर तुम्ही तो स्वतःच्या घरी न्याल का? तुझं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढं बोलू. सोसायटीचं कारण सांगू नकोस, पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळानं स्पष्ट केलेलं आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर जे तू स्वतः बारा वर्षं करणार नाहीस, ते आईच्या पदरात टाकू नकोस.

तुला द्यायचंच असेल, तर मला एक सुचतं. तुमच्या दारातली काळी तुला आठवत असेल, पांढऱ्या छातीची. अक्का तिला रोज सकाळी कळण्याची भाकरी घालते. ती भाऊजींच्या मागं मंदिरापर्यंत जाते आणि आरती होईपर्यंत बाहेर बसते. म्हणजे त्या घरानं एक कुत्री आधीच निवडली आहे आणि कुत्रीनं ते घर. वर्षातून दोनदा ती माजावर येते, दोन महिन्यांनी पाच-सहा पिल्लं होतात, त्यातली निम्मी गाडीखाली आणि पार्व्होत जातात, आणि अक्का दर वेळी रडते. २०२३ च्या नियमांप्रमाणं रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. ती पार पडेपर्यंत आपण बसून राहायचं कारण नाही. काळीला जळगावला नेऊन नसबंदी करून आण, रेबीजची लस टोच, दहा दिवस टाके सुकेपर्यंत तुमच्या मागच्या अंगणात राहू दे आणि ते दहा दिवस तू इथं थांब. दर वर्षी लशीचा खर्च तू कर. मी डॉक्टरशी बोलून ठेवतो. गावरान कुत्री आहे, हा उन्हाळा तिच्या अंगवळणी आहे. भाऊजी वारीला गेले आणि अक्का तुझ्याकडं आली, तर गल्लीतल्या चार घरांतून तिला भाकरी मिळेल.

इतकं वाचूनही तुला वाटलं, की घरात हक्काचा कुत्रा हवाच, आणि अक्कानं विचार करून ‘हो’ म्हटलं, तर माझी आडकाठी नाही. मात्र दिवाळीत नको. मार्गशीर्षात ये, थंडी असते, फटाके संपलेले असतात, घरात गर्दी नसते. पंधरा दिवस राहायला ये. लहान पिल्लापेक्षा वर्ष-दीड वर्षाचा, शांत स्वभावाचा, लसी झालेला कुत्रा बघ, आणि भाऊजींना सोबत नेऊन त्यांनाच निवडू दे. खर्चाचे पैसे दर महिन्याला आईच्या खात्यावर टाक, ती मागणार नाही, तिनं मागायची वेळ येऊ देऊ नकोस. सकाळी फिरवायला गल्लीतला एखादा विश्वासू पोरगा पगारावर ठरव. वारीच्या महिन्यात तू इथं येशील की कुत्रा तिकडं नेशील, ते आत्ताच ठरव आणि भाऊजींना सांग. खाण्याचा तक्ता मग मी आनंदानं लिहून देईन.

इसाराचे पैसे बुडाले तर बुडू देत. अशा ठिकाणी पैसा वाचवायला गेलं की जनावराचा जीव जातो. त्या माणसाला उरलेली रक्कम देण्याआधी आईला फोन लाव. चिंटूला शेजारी बसवू नकोस, त्याचा आवाज ऐकून ती नाही म्हणणार नाही. तिला सगळं सांग, वजन, केस, उन्हाळा, खाद्याची पिशवी, आणि म्हण, ‘आई, नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही.’ मग ती बोलेल. ती काय म्हणते ते ऐक आणि तसंच कर.

चिंटूला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
मामा